स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे आणि शासकीय साहाय्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजाराचा आणि सरकारी कागदपत्रांचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु पन्नास वर्षांपूर्वी ज्या तरुणांनी घरोघर फिरून देणग्या गोळा केल्या आणि ही वास्तू उभी केली, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कोणाला उद्या कोनशिलेवरील स्वतःचे नावच ओळखता आले नाही, तर त्या घराने काय करावे, हा प्रश्न याच व्यासपीठावर मांडला जाणे उचित आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या एका गावी कापडाचे जुने दुकान आहे. घरातले आणि पेठेतले सर्वजण त्या दुकानाच्या मालकांना आप्पा म्हणतात. चिमटीत कापड धरून सूत किती काउंटचे हे सांगावे ते आप्पांनीच, अशी त्यांची ख्याती. २०२१ च्या दिवाळीत त्यांनी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला धोतरजोडी वीस वर्षांपूर्वीच्या भावाने दिली. दुकानात हसे झाले, आप्पाही हसले. पुढे एकाच व्यापाऱ्याची रक्कम दोनदा चुकती झाली. मग एका संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ते घरी न येता, चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या वाड्याकडे चालत गेले आणि तेथील बंद दारावर आपल्या दिवंगत पत्नीला हाका मारीत उभे राहिले.

मुलाने ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. घरात लग्नाची मुलगी होती. आजोबांच्या डोक्यात फरक पडला आहे असे चार लोकांत झाले तर स्थळे मागे जातील, ही धास्ती. आप्पांचे दुकानात येणे बंद झाले. विचारणाऱ्याला 'गुडघे दुखतात' असे उत्तर दिले जाई. असे आठ-नऊ महिने गेले. त्या मुलाला दोष देणे सोपे आहे; पण अशी दारे समाजातील किती घरांनी लावून घेतली आहेत, याचा अंदाज प्रत्येकाने मनाशी करावा. भारतातील वृद्धांच्या स्मृतिभ्रंशासंबंधी 'लासी-डॅड' नावाचा मोठा अभ्यास झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये या विकाराचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे, इतके आहे. हजार वृद्धांच्या वस्तीत सत्तरांहून अधिक. मंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्या वडीलधाऱ्यांचे चेहरे आठवून हा हिशेब करून पाहावा.

अखेर सूनबाईंनी आग्रह धरला आणि आप्पांना डॉक्टरांकडे नेण्यात आले. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल, कारण ती शाकाहारी कुटुंबांच्या विशेष उपयोगाची आहे. विसरभोळेपणाचे प्रत्येक कारण असाध्य नसते. थायरॉइडचा बिघाड, मनाची खिन्नता, काही औषधांचा परिणाम आणि 'बी-१२' या जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते. आणि कडक शाकाहार पाळणाऱ्यांत, विशेषतः दूधदुभतेही कमी घेणाऱ्या वृद्धांत, ही कमतरता पुष्कळदा आढळते. वेळीच लक्षात आली तर ती उपचारांनी भरून निघते. म्हणून 'वय झाले, आता चालायचेच' असे म्हणण्यापूर्वी रक्ताची तपासणी अवश्य करून घ्यावी. आप्पांचीही झाली. बी-१२ थोडे कमी होते, ते भरून काढले. तरी विस्मरण वाढतच गेले. मेंदूचे चित्रण झाले आणि २०२२ साली अल्झायमर हे निदान कागदावर आले.

सरकारकडून काही मिळते का पाहा, असे एका आप्ताने सुचविले, तेव्हा मुलाचे उत्तर होते, "देवदयेने दोन वेळचे आहे. आजवर आप्पांनी लोकांना दिले. आता त्यांच्या नावाने सरकारपुढे हात पसरायचा?" या उत्तरातील स्वाभिमान खरा आहे; पण त्यामागची समजूत चुकीची आहे. देण्याची सवय असलेल्या समाजाला घेण्याचा संकोच वाटतो आणि हक्काची गोष्टही त्याला भिक्षेसारखी भासते. जो व्यापारी जकातीची पावती जपून ठेवी आणि आज जीएसटीचे क्रेडिट पैशापैशाने मागून घेतो, त्याने वडिलांच्या आजारासाठी कायद्याने दिलेली सवलत सोडून द्यावी, याला कोणतेही व्यापारी कारण नाही.

या सवलतींच्या वाड्याची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. स्मृतिभ्रंश झालेला माणूस 'दिव्यांग' कसा, असे पुष्कळांना वाटते, कारण दिव्यांग म्हटले की कुबड्या डोळ्यांसमोर येतात. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरण, दिशाकालाचे भान आणि विचार यांतील गंभीर बिघाडाचा समावेश आहे. त्याचे मोजमाप 'आयडियाज' नावाच्या भारतीय मापनपट्टीने होते. रुग्ण स्वतःची काळजी कितपत घेतो, माणसांशी कसा वागतो, बोललेले त्याला किती समजते आणि कामधाम किती करू शकतो, या चार अंगांना गुण दिले जातात. आजार किती काळ आहे हेही धरले जाते. त्यावरून टक्केवारी ठरते. ४० टक्के आणि त्याहून अधिक असेल तर बहुतेक सवलतींचे दार उघडते. अर्ज केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर करावयाचा, आधार कार्ड, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा व निदानाची कागदपत्रे जोडावयाची आणि नेमून दिलेल्या दिवशी शासकीय रुग्णालयात रुग्णास घेऊन जावयाचे. मिळणाऱ्या ओळखपत्रास 'यूडीआयडी' कार्ड म्हणतात.

हे सारे लिहिण्यास चार ओळी लागतात. आप्पांच्या घराला याच कामी दीड वर्ष लागले, आणि त्यातला थोडा दोष त्यांच्या अब्रूच्या कल्पनेचा होता.

२०२३ साली पहिल्यांदा त्यांना तपासणीस नेले, तेव्हा आप्पांनी धुवट पांढरा सदरा घातला होता, टोपी घातली होती. डॉक्टरांना त्यांनी अदबीने नमस्कार केला. या विकारात माणसाची जुनी रीतभात पुष्कळ काळ टिकून राहते; चार घटका तो अगदी पूर्वीसारखा वागतो. डॉक्टरांनी मुलाला विचारले, "अंघोळ, कपडे, जेवण स्वतः करतात का?" शेजारच्या बाकावर गावातलाच एक ओळखीचा माणूस बसला होता. मुलगा म्हणाला, "हो हो, आप्पा सगळे स्वतः करतात, साहेब. थोडे विसरतात इतकेच." टक्केवारी चाळीसच्या खाली आली. त्या कागदाचा पुढे काही उपयोग झाला नाही.

घरी परतताना सूनबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून एक कोरी रोजकीर्द मागवून घेतली आणि दुकानाच्या रोजकीर्दीत जमाखर्च लिहावा तशी आप्पांची दिनचर्या लिहू लागल्या. 'सदरा उलटा घातला. दोनदा जेवले, तिसऱ्यांदा मागितले. नातीला ओळखले नाही. रात्री दोन वाजता उठून दुकानाच्या किल्ल्या शोधल्या. कपड्यांत लघवी झाली.' अलंकार नाही, तक्रार नाही; तारीख आणि नोंद. पुढच्या वर्षी फेरतपासणीच्या वेळी तोच प्रश्न आला आणि मुलगा पुन्हा अडखळला, तेव्हा सूनबाई मागून म्हणाल्या, "अहो, खरे सांगा की. मी रोज धुते ते कोणाचे कपडे?" आणि त्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी दहा-बारा पाने वाचली. या वेळी दिव्यांगत्व ७० टक्के ठरले. मुलगा बाहेर येऊन व्हरांड्यात बराच वेळ तोंड फिरवून उभा होता. बापाची असहायता सरकारी शिक्क्याने सिद्ध झाल्याचा आनंद कोणाला होणार? तरीही त्या दिवशी खरे सांगितले गेले नसते तर पुढचे काहीच झाले नसते.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी इतर काही लक्षात न ठेवले तरी ही वही आजपासून सुरू करावी. औषधाची मात्रा ठरविण्यासही डॉक्टरांना ती उपयोगी पडते. आणि पहिले प्रमाणपत्र कमी टक्क्यांचे आले तरी निराश होऊ नये. निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद कायद्यात आहे, आणि हा विकार वाढत जाणारा असल्याने फेरतपासणीही मागता येते.

आता लाभांकडे वळू या. प्रथम व्यापारी व नोकरदार वर्गाच्या उपयोगाचा आयकर. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८० डीडीबीखाली ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट होती. त्या आजारांच्या यादीत स्मृतिभ्रंशाचे नाव स्पष्टपणे आहे, मात्र दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक हवे आणि तज्ज्ञ डॉक्टरांचा विहित लेखी सल्ला हवा. रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास मर्यादा १ लाख रुपये. कलम ८० डीडीखाली अवलंबून असलेल्या दिव्यांग नातलगाच्या सांभाळासाठी ७५ हजार, आणि ८० टक्के वा त्यावरील दिव्यांगत्व असल्यास १ लाख २५ हजार रुपयांची ठोक वजावट, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. याशिवाय आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचारासाठी ८० डीखाली ५० हजारांपर्यंत. परंतु हा खर्च रोखीने केलेला चालत नाही. दुकानाच्या गल्ल्यातून नोटा काढून औषधे आणण्याची जुनी सवय येथे नडते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा करसल्लागारास जुना क्रमांक सांगून नवा विचारून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या वजावटी जुन्या करपद्धतीतच मिळतात. व्यवसायाचे उत्पन्न असणारा मनुष्य जुनी पद्धत निवडून पुन्हा नवीकडे परतला, तर त्यास परत जुनीकडे येता येत नाही. दोन्ही पद्धतींची बेरीज मांडूनच निर्णय करावा. कित्येकदा सर्व वजावटी धरूनही नवी पद्धत स्वस्त पडते.

दुसरा लाभ रुग्णालयाचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळण्याची सोय झाली. त्या कार्डास 'आयुष्मान वय वंदना' म्हणतात. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड पुरते. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली आहे. पण या दोहोंची मर्यादा समजून घेतली पाहिजे. रुग्ण पडला, खुब्याचे हाड मोडले, छातीत कफ होऊन दाखल करावे लागले, तर या योजना धावून येतात. रोजच्या गोळ्या, रात्रंदिवस लक्ष ठेवणारी बाई, डायपर, म्हणजे ज्या खर्चाने घर खऱ्या अर्थाने वाकते, त्यातले काहीही त्यात बसत नाही. गोळ्यांपुरता एक मार्ग आहे. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. डोनेपेझिलसारखे औषध तेथे बाजारभावाहून बरेच स्वस्त पडते.

जिल्ह्याच्या गावी तपासणीस जाण्यासाठी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना एस. टी. चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आहे, हेही जाता जाता सांगावे.

आतापर्यंतची गोष्ट दुकान असलेल्या घराची झाली. परंतु समाजात सर्वच घरांना दुकान नाही. त्याच पेठेतील दुसऱ्या एका दुकानात नोकरीस असलेल्या एका माणसाच्या आईची हकीकत वेगळी आहे. विधवा, वय एकाहत्तर, भाड्याच्या दोन खोल्या. सून शिलाईकाम करते. सासूला एकटे सोडता येत नाही म्हणून मशीन दारात आणून बसते. या आक्कांसाठी मुलाने श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज केला. पासष्ट वर्षांवरील निराधारांना या योजनेतून जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत द्यावयाचा, राज्यात किमान पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. अडचण आली ती उत्पन्नाच्या दाखल्याची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. महिन्याला १,७५० रुपये! एवढ्यात घर चालविणारे कुटुंब आज कोणत्या गावात सापडेल, हे नियम करणाऱ्यांनाच ठाऊक. खोटा दाखला काढून देतो म्हणणारा मध्यस्थ कचेरीच्या दारातच भेटला होता. मुलाने नकार दिला, खरे उत्पन्न लिहिले, आणि अर्ज नामंजूर झाला.

त्यांच्याही कामी शेवटी प्रमाणपत्रच आले. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. हे फारच थोड्यांना माहीत असते आणि मागितल्याखेरीज सहसा कोणी सांगत नाही. आक्कांचे कार्ड निघाल्यावर नगरपालिकेकडे अर्ज केला. रक्कम मोठी नव्हती. पण तीन महिन्यांच्या गोळ्या त्यातून आल्या. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे वा ज्यांचा श्रावणबाळचा अर्ज मंजूर आहे, त्यांनीही हे कार्ड काढावेच. या योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला आहे. म्हणजे त्याच वृद्धेला, त्याच आजारात, एक कागद नसल्यामुळे दरमहा हजार रुपये कमी मिळतात. कमोडची खुर्ची, वॉकर अशा साधनांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, तीत एकदाच ३ हजार रुपये. तिची सद्यःस्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारावी. कोणाकडे जावे हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही शासकीय मदतवाहिनी आहे.

एक विषय उरतो आणि तो वेळेचा आहे. रक्कम रुग्णाच्या स्वतःच्या खात्यात जमा होते. ते खाते चालविणार कोण? आप्पांच्या मुलाकडे मुखत्यारपत्र होते आणि तो निश्चिंत होता. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी अस्थिर झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी ते करून ठेवले, त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते! अशा रुग्णासाठी पालक नेमण्याचा सुटसुटीत कायदा देशात नाही; कित्येक कुटुंबांना त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आहे. म्हणून निदान लवकर झाले, माणूस सही करू शकतो, काय करतो आहे हे त्याला उमजते, तोवरच बँकेचे खाते दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असे संयुक्त करावे, नामनिर्देशन तपासावे, मृत्युपत्र करावयाचे असल्यास डॉक्टरांच्या दाखल्यासह करावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे उपचारांपुरता आपला नामनिर्देशित प्रतिनिधीही लेखी नेमता येतो. आप्पांच्या बाबतीत लपविण्यात गेलेले आठ-नऊ महिने नेमके हेच होते. दुकान त्यांच्याच नावावर, चालू खाते त्यांचेच. मुलाला ते सारे निस्तरण्यास जो त्रास पडला, तो या भाषणाच्या वेळेत मावणारा नाही.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांसाठी ही सोय ऑक्टोबरपासूनच असते. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. मात्र यंत्र डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगते, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धास ते समजत नाही. एका निवृत्त शिक्षकांची मुलगी समोर बसून आधी स्वतः डोळे मिचकावते. मग ते हसतात आणि तिचे पाहून मिचकावतात. दाखला निघतो.

विश्वस्त मंडळापुढे या निमित्ताने एक विनंती आहे. संस्थेच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस दोन तास कोणीतरी बसावे. ज्यास संगणकावर अर्ज भरता येतो असा एक तरुण आणि ज्यास तहसील कचेरीच्या खिडक्या ठाऊक आहेत असा एक निवृत्त कर्मचारी, इतके पुरे. श्रावणबाळसारख्या नियमांत न बसणाऱ्या आक्कांसारख्या घरांसाठी रात्रीची एक मदतनीस बाई आळीपाळीने पाठविता आली, तर वैद्यकीय निधीतून तो खर्च अवघड नाही. आणि रुग्णालयातील तपासणीच्या दिवशी कुटुंबासोबत एखाद्या भगिनीने जावे. खरे सांगण्याची वेळ येते तेव्हा घरातल्या माणसाला शेजारी धीराचे कोणी लागते.

आप्पा आता दुकानात येतात. दुपारी तास दीड तास त्यांना गादीवर बसवितात आणि त्यांच्यापुढे तुकड्यांचे गाठोडे ठेवतात. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशावर सूनबाईंनी घरचा फोन नंबर शिवून घेतला आहे. ते एकेक तुकडा चिमटीत धरतात, काउंट सांगतात. बहुधा बरोबर सांगतात.